१९७१चा एकच अल्बम ठेवायचा तर कुठला? आणि बाजूचं शेवटचं गाणं फाटतं त्याचं काय करू?

कृष्णाकाठ (सांगली)
सध्या मुक्काम १९७१ सालात आहे. लेड झेपेलिनचा चौथा, द हूचा 'हूज नेक्स्ट' आणि पिंक फ्लॉइडचा 'मेडल', तिन्ही एलपी जुन्या बाजारातल्या. दोन प्रश्न आहेत.

पहिला भांडणाचा. त्या सालातला एकच अल्बम ठेवायचा तर कुठला? 'लय भारी' एवढ्यावर भागवू नका, कुठल्या गाण्यात काय ऐकायचं ते लिहा.

दुसरा कामाचा. प्रत्येक बाजूचं पहिलं गाणं स्वच्छ वाजतं, पण लेबलजवळ सुई आली की आवाज फाटायला लागतो. 'स्टेअरवे टु हेवन'च्या शेवटी आणि 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मध्ये तर झांजा नुसत्या फिसकटतात. बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल आहे, कार्ट्रिज (सुई बसते ती डबी) ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई, सुई नवीच. रेकॉर्ड गेलेली की मांडणी चुकलेली?

सुईवाला (मिरज)
आधी मांडणी तपासा, रेकॉर्डला नंतर दोष द्या.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एकाच वेगाने फिरते, पण सुईखालून खाच सरकते तो वेग सारखा नसतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला साधारण ५१ सेंमी, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे तेच वरचे सूर अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेले असतात. सुईच्या कोनात थोडी चूक असेल तर बाहेर ती खपून जाते, आत लगेच ऐकू येते. त्यात रॉकवाल्यांची खोड अशी की सगळ्यात मोठा कल्लोळ बाजूच्या शेवटच्या गाण्यात. तुम्ही दिलेली दोन्ही गाणी नेमकी त्याच जागी आहेत.

क्रम असा ठेवा. अँटी-स्केट (आर्म आत ओढली जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) शून्यावर आणून मागचं वजन फिरवा, सुईची आर्म हवेत आडवी तरंगली पाहिजे. तिथे आकड्यांची रिंग शून्य करा आणि मग २ ग्रॅम द्या. या कार्ट्रिजला १.८ ते २.२ चालतं. रिंगवर विसंबू नका, सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा घेऊन सुईच्या टोकाशी मोजा. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

मग प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईचा कोन जुळवायचा रेघांचा नमुना. कागदावर छापणार असाल तर प्रिंटरचं 'फिट टु पेज' बंद करा आणि छापून झाल्यावर त्यावरची मापाची रेघ पट्टीने मोजा. दोन-चार टक्के आकसलेला प्रोट्रॅक्टर असण्यापेक्षा नसलेला बरा. बेअरवॉल्ड नावाच्या ठरलेल्या मांडणीत केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर सुई रेघेशी समांतर यायला हवी. कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ती पुढे-मागे आणि किंचित वळवून बघत राहा. नजर कार्ट्रिजच्या चौकोनी अंगावर नको, सुई धरणाऱ्या बारीक दांडीवर हवी. ती बरेचदा अंगाच्या रेषेत नसते. शेवटची गाणी फारच छळत असतील तर स्टीव्हन्सन मांडणी करा. तिचा आतला बिंदू ६०.३ मिमीवर येतो, त्यामुळे लेबलजवळ आराम पडतो. मधल्या पट्ट्यात थोडं सोसावं लागेल.

शेवटी हेडफोन लावून ऐका. फक्त उजवा कान फाटत असेल तर अँटी-स्केट कमी पडतंय, थोडं वाढवा. खाचेची बाहेरची भिंत उजव्या चॅनेलची असते आणि आर्म आत ओढली गेली की सुईची पकड तिथेच सुटते. दोन्ही कान फाटत असतील तर पुन्हा प्रोट्रॅक्टर.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
पहिल्या प्रश्नाला 'हूज नेक्स्ट', आणि साताऱ्याच्या माणसाने दुसरं उत्तर देऊच नये. त्यातल्या 'बाबा ओ'रायली' गाण्यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा. द हूचा गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. नावाचा दुसरा अर्धा भाग संगीतकार टेरी रायलीचा. २ डिसेंबर १९५६ला मेहेरबाबांच्या गाडीला अपघात झाला तो आपल्या उडताऱ्याजवळ. पुण्याला जाता-येता गाव लागतं, गाण्याशी त्याची सोयरीक फार कुणाला ठाऊक नसते.

आता कान कुठे द्यायचा ते. सुरुवातीची ती धावती टकटक सिंथेसायझरची समजतात. ती लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनची आहे. त्यात 'मारिम्बा रिपीट' नावाची सोय होती, पट्टी दाबून धरली की सूर आपोआप तुटक तुटक वाजत राहतो. 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मध्येही मूळ ऑर्गनच आहे, पण त्याचा आवाज ईएमएसच्या व्हीसीएस३ सिंथेसायझरच्या फिल्टरमधून काढलेला, म्हणून तो श्वास घेतल्यासारखा उघडतो-मिटतो. ऑर्गनची ही टेप आधी तयार होती आणि कीथ मूनने हेडफोनवर ती ऐकत ड्रम वाजवले. यंत्र लय सोडणार नाही, तेव्हा जुळवून घ्यायचं काम माणसाचं. मूनसारखा बेलगाम वादक तिथे बांधला गेलाय आणि तरी मोकळा वाटतो, हा त्या अल्बमचा खरा चमत्कार. 'बाबा'च्या शेवटचं व्हायोलिन डेव्ह आर्बसचं आहे, ते घ्यायची कल्पनाही मूनचीच.

जिन्याखालचा (कराड)
साताऱ्याचा अभिमान मान्य, पण ऑर्गनच्या पट्टीवर अल्बम तोलताय राव. झेपेलिनचा चौथा घ्या आणि थेट शेवटच्या गाण्यावर जा.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याच्या उंच दिवाणखान्यात मांडले होते. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने दोन माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले आणि आवाज बिन्सनच्या एको यंत्रातून काढला. नंतर टेपचा वेग उतरवला, त्यामुळे ते वजन आलं. ड्रमच्या तोंडाशी माइक चिकटवून हा आवाज मिळत नाही, कारण ऐकू येते ती खोली. अँडी हा ग्लिन जॉन्सचा धाकटा भाऊ, आणि ग्लिनने त्याच साली 'हूज नेक्स्ट' ध्वनिमुद्रित केला. दोन्ही अल्बम एकाच घरातले म्हणा.

'ब्लॅक डॉग'मध्ये गिटारचा तुकडा मात्रा बदलत घसरत जातो, ड्रमवादक बोनहॅम मात्र सरळ चारात ठाम. पायाने चार धरून ऐका, तुकडा सुटून पुन्हा समेवर कसा येतो ते कळेल. गाण्याच्या ओळीनंतर काड्यांची हलकी टिकटिकही ऐकू येते. 'फोर स्टिक्स' पाच आणि सहाच्या मात्रांत आहे. झेपेलिनचे गिटारवादक पेज आणि गायक प्लांट यांनी १९७२मध्ये मुंबईत तिथले वादक घेऊन ते पुन्हा वाजवलं होतं. ते झेपेलिनच्याच 'कोडा' अल्बमच्या २०१५च्या मोठ्या संचात मिळतं. ढोलाच्या अंगाने गाणं ऐकायचं तर तेच आधी लावा.

अकरामात्रा (सांगली)
दोघंही स्टुडिओत अडकलात. त्याच सालचा ऑलमन ब्रदर्सचा 'ॲट फिलमोर ईस्ट' कुणीच काढला नाही? मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कला श्रोत्यांसमोर वाजवलेला दुहेरी अल्बम आहे. बैठकीची सवय असलेल्या सांगली-मिरजेच्या कानाला हा सगळ्यात लवकर लागतो.

'व्हिपिंग पोस्ट' चौथी बाजू पूर्ण व्यापतं, जवळपास २३ मिनिटं. सुरुवातीचा तुकडा अकरा मात्रांचा: ३, ३, ३ आणि २. टाळी धरा, पहिल्या दोन-तीन आवर्तनांत हमखास चुकेल, कारण शेवटचे दोन लवकर येतात. 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'मध्ये शब्द नाहीतच. डिकी बेट्स आणि डुएन ऑलमन हे दोन गिटारवादक आधी मुखडा जोडीने वाजवतात, मग एकेक जण सावकाश बढत करतो. दोन ड्रमवादक आहेत, एक डाव्या आणि एक उजव्या कानात धरायचा प्रयत्न करा. डुएन त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मोटरसायकल अपघातात गेला.

'मेडल'बद्दल एवढंच: 'एकोज' साडेतेवीस मिनिटांचं, अख्खी दुसरी बाजू. पहिला टिंग म्हणजे लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला पियानोचा एक सूर. पहिली बाजू कमकुवत आहे, कुत्र्याच्या रडण्याचं गाणं तर सोडूनच द्या. इतकी लांब बाजू कापताना खाचा जवळजवळ आणि आवाज हळू ठेवावा लागतो, त्यामुळे तिथे कचऱ्याची कडकड जास्त जाणवते.

कृष्णाकाठ (सांगली)
सुईवाले, कार्ट्रिज थोडी पुढे सरकवल्यावर 'स्टेअरवे' सुधारलं. 'लेव्ही' मात्र दर वेळी त्याच दोन जागी फाटतं. आणि रेकॉर्ड धुवायला काय वापरू? घरात नाट्यसंगीताच्या ७८च्या तबकड्याही आहेत, त्याच पाण्यात उरकल्या तर?

सुईवाला (मिरज)
थांबा, ७८ला हात लावू नका! त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. विनाइलला चालणारं मिश्रण त्यांच्यावर पडलं तर खाचाच जातील. त्यांना डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब, तोही लेबल कोरडं ठेवून, लगेच पुसून. वाजवायलाही वेगळी जाड सुई लागते. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत बसते.

एलपीसाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात साधारण २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. बॅटरीच्या दुकानातलं पाणी चालतं, फक्त कॅन कूलंटचा नाही ना ते बघून घ्या. बोअरचं नको, वाळलं की क्षार खाचेत बसतात. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा. साबण राहिला तर सुईवर चिकट गोळा जमतो आणि आवाज आणखी घाण होतो. सावलीत उभी वाळवा, उन्हात ठेवली तर वाकेल. कव्हरवर पाण्याची जुनी रेघ दिसली तर आतलं कागदी पाकीट फेकून नवं घाला, बुरशी त्यातच असते.

धुऊनही 'लेव्ही' त्याच जागी फाटलं तर आधीच्या कुणाच्या बोथट सुईने भिंत झिजवली आहे. तुमच्या कार्ट्रिजवर व्हीएमएन९५एमएल सुई नुसती काढून-घालून बसते. तिचं टोक बारीक असल्याने ती भिंतीच्या न झिजलेल्या भागावर चालू शकते. कधी फरक पडतो, कधी नाही. किंमत मात्र बरीच आहे, तेव्हा आधी कुणाकडे असेल तर लावून बघा, नाहीतर त्या पैशात दुसरी प्रत शोधा.