शब्दचर्चा : ‘हाइक’ला आपण काय म्हणायचं?

गुहागरहून

नमस्कार. शिक्षणासाठी ग्लासगोला होते, गेल्या महिन्यात घरी परतले. एक शब्द तिथून माझ्याबरोबर आलाय आणि त्याला मराठीत जागा सापडत नाही, म्हणून इथे विचारते.

पहिल्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस वर्गातल्या चौघांबरोबर बेन नेव्हिसला गेले होते. उंची १३४५ मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. आकडा ऐकून मला फार काही वाटलं नव्हतं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गावच बरंच उंचावर आहे. बेन नेव्हिस मात्र समुद्राच्या काठावरूनच उठतो, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची आपल्या पायांनी चढावी लागते. गुडघ्यांना ते लगेच कळलं.

सकाळी निघालो, संध्याकाळी खाली. रात्री आजीला फोन केला.

“आज आम्ही हायकिंगला गेलो होतो.”
“म्हणजे?”
“डोंगर चढायला.”
“वर कोणाचं देऊळ आहे गो बाय?”
“देऊळ नाही, आजी.”
“मग कोणाकडे गेला होतात?”
“कोणाकडेच नाही. वर गेलो आणि खाली आलो.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पायांना तेल लावून झोप.”

त्या रात्रीपासून विचार करतेय. सकाळी निघून डोंगरमाथा गाठायचा आणि त्याच दिवशी परतायचं. मुक्काम नाही, दोर नाही, नवस नाही, काम नाही. याला आपला शब्द कोणता? ‘गिर्यारोहण’ फार जड, त्यात दोर-खिळे दिसतात. ‘पदभ्रमण’ सूचनाफलकावरचा वाटतो. ‘भटकंती’ गोड आहे, पण तिला ठिकाण नसतं आणि आम्हाला तर ठरलेला माथा गाठायचा होता.

गंमत म्हणजे बाकीचे शब्द भराभर सापडत गेले. पायथ्याच्या फोर्ट विल्यम गावाला लागून ‘लॉख लिनी’ आहे. तिथे गोड्या पाण्याचं तळंही लॉख आणि समुद्राचं आत शिरलेलं पाणीही लॉख. आपल्याकडे हे दोन कधी एक झालेच नाहीत. मी पाहिलं आणि तोंडून निघालं, “ही खाडी!” वाटेत ‘रेड बर्न’ नावाचा ओढा ओलांडावा लागतो, तो सरळसरळ पऱ्या. खाली कुरणांच्या कडेला चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडी भिंती, म्हणजे गडगे. फक्त आपला जांभा नाही. मधेच पाच मिनिटं पाऊस आला आणि गेला, तो शिरवं. नेमक्या आम्ही करत होतो त्या गोष्टीलाच शब्द नव्हता.

महाडहून

ताई, आम्ही डोंगरात जाणारी पोरं सरसकट ‘ट्रेक’ म्हणतो, पण तो शब्द तुमच्या कामाला बसत नाही. मूळ डच, अर्थ ओढणे. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांनी बैल जुंपलेल्या गाड्या घेऊन जे लांबलांबचे प्रवास केले, ते ट्रेक. म्हणजे त्यात बिऱ्हाड पाठीवर आणि मुक्काम दर मुक्काम.

दिवसभराच्या चालीला आपल्याकडे ‘मजल’ होता. अरबी ‘मंझिल’, म्हणजे उतरण्याची जागा. ‘मजल दरमजल करत’ आपण अजून लिहितो. पण मजल पुढे नेते, घरी परत आणत नाही. म्हणून तोही बाद.

‘चढाई’ लिहिताना जपून, एवढं मात्र सांगेन. हल्ली सगळीकडे ‘गडाची चढाई’ छापून येतं. चढाई शत्रूवर होते. डोंगराला असते ती चढण, आणि रस्त्याला असतो तो चढ. आमच्याकडे वाट फारच उभी असेल तर ‘अंगावर येणारी चढण’ म्हणतात. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात डोंगरच हलतो, माणूस जागच्या जागी. सुट्या दगडमातीचा घसरता उतार तो ‘घसारा’. बेन नेव्हिसच्या वरच्या भागात तो भरपूर असणार.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही नाम शोधताय. आम्ही बोलताना क्रियापदावर भागवतो : “रायगड केला”, “या थंडीत तीन गड केले”. जसे चार धाम केले, तशी वारी केली, तसा गड केला. तुमच्या स्कॉटलंडात तीन हजार फुटांवरच्या डोंगरांना ‘मुनरो’ म्हणतात ना? सर ह्यू मुनरो यांनी १८९१ मध्ये यादी छापली, आज त्यात २८२ नावं आहेत आणि लोक ती एकेक करून पुरी करतात. त्यांचंही ‘करणं’च झालं. तेव्हा आजीला म्हणायचं, “बेन नेव्हिस केला.”

सावंतवाडीहून

बाळ, आजीचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे डोंगर चढायचा तो कोणाकडे तरी जायला. वर मार्लेश्वर असतो, घाटात वाघजाई असते, नाहीतर घाटावर लेक दिलेली असते.

‘घाट’ या शब्दाबद्दल मात्र मला थोडं लिहायचं आहे, चाळीस वर्षं मराठी शिकवताना ते मनात सलत आलंय. घाट म्हणजे डोंगर नव्हे. घाट म्हणजे डोंगरातून जाणारी वाट : आंबा घाट, फोंडा घाट, कुंभार्ली, वरंधा. नदीचा घाटही पाण्याकडे उतरायची वाटच. युरोपियनांनी जहाजातून पाहिलं, खालच्या माणसांच्या तोंडी ‘घाट’ ऐकलं आणि वाटेचं नाव सबंध रांगेला दिलं. ते ‘पश्चिम घाट’ होऊन आपल्याच भूगोलाच्या पुस्तकात परत आलं, आणि २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीतही त्याच नावाने गेलं. सह्याद्री हे नाव घरात असताना! मुलांना मी विचारायची, घाट चढतात की घाट ओलांडतात? गाडी घाट चढते, हे बरोबर. ती वाट चढते. पण घाटाचं शिखर म्हणू नये. वाटेला शिखर नसतं.

संगमेश्वरहून

आमच्याकडे त्याचंच धाकटं रूप ‘घाटी’. दोन वाड्यांमधली उभी पायवाट. “घाटी चढून आले, जरा पाणी द्या” हे रोजचं वाक्य. तिला जांभ्याच्या पायऱ्या बांधल्या की ती पाखाडी झाली. डोक्यावर हंडा, पाटी, कडेवर पोर, असं काही ना काही घेऊनच घाटी चढली जाते. रिकाम्या हाताने घाटी चढणारा पाव्हणा समजावा.

गुहागरहून

सरांचं… क्षमा करा, बाईंचं घाटाबद्दलचं वाचून एक आठवलं. वर्गातला चिलीचा मित्र वाटेत विचारत होता, “तू घाट्सजवळची ना?” मी थांबून त्याला बाईंनी लिहिलंय तेच समजावलं. तो म्हणाला, तुमच्याकडे डोंगरापेक्षा वाटेला जास्त नावं दिसतात. खरंच आहे : खिंड, बारी, नाळ, निसणी, सोंडेची वाट, ढोरवाट.

अजून एक विचारायचं राहिलं. माथ्यावर जुन्या वेधशाळेच्या पडक्या भिंती आहेत. १८८३ ते १९०४ माणसं तिथे राहून हवामान टिपत होती. आम्ही चढलो ती वाटही मुळात त्या वेधशाळेसाठी घोडी जावीत म्हणून बांधलेली. वर पोचलो तेव्हा ईशान्येच्या कड्याखाली ढग भरले होते आणि पाठीवर दुपारचं ऊन होतं. कड्यापासून बेताने लांब उभी राहून खाली पाहिलं तर ढगावर माझी सावली आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं. शेजारी उभ्या मैत्रिणीला तिच्याच डोक्याभोवती दिसत होतं, माझ्या नाही. याला मराठी शब्द आहे का?

मुरबाडहून

आहे, आणि फार सुंदर आहे. इंद्रवज्र.

आमच्या तालुक्याच्या डोक्यावर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. खालच्या बेलपाड्यावरून नळीच्या वाटेने त्यावर जाता येतं, पण ती वाट नवख्याची नव्हे. पावसाळ्यात आणि पाऊस सरताना कोकणातून ढग वर येऊन कड्याला टेकतात. पाठीशी सूर्य आला की त्या ढगात गोल रंगीत कडं दिसतं आणि मधोमध पाहणाऱ्याची सावली. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे पाहिलेल्या या कड्यांचं वर्णन १८३५ मध्ये प्रसिद्ध केलं. ‘इंद्रधनुष्य’ म्हणू नये. ते पावसाच्या थेंबांतून होतं आणि खूप मोठं असतं. हे ढगाच्या बारीक कणांमुळे होतं, कडं लहान असतं आणि प्रत्येकाला स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं, म्हणून मैत्रिणीला तुमचं दिसलं नाही. ‘इंद्रवज्रा’ हे वृत्त वेगळं, त्याच्याशी गल्लत नको.

तुम्ही उभ्या होता तिथेच १८९४ च्या सप्टेंबरात भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन वेधशाळेत कामाला होते. त्यांनी हीच कडी पाहिली आणि प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात ढग करायला लागले. त्यातून पुढे विद्युतभारित कणांच्या वाटा डोळ्यांना दिसू लागल्या आणि १९२७ चं नोबेल मिळालं. वर काही काम नसताना गेलेल्या माणसालाही तेच दिसतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गुहागरहून

इंद्रवज्र! इतके दिवस मी त्याला ‘ते रंगीत कडं’ म्हणत होते. मनापासून आभार.

काल संध्याकाळी पाखाडीवर बसून आजीला हे सगळं वाचून दाखवलं. ‘बेन नेव्हिस केला’ तिला पसंत नाही. “डोंगर कोण करतंय? तो आहेच की.” मग तिने आपण होऊन सांगितलं, की लग्नाआधी त्या पोरी करवंदांच्या दिवसांत सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या माळावर, जायच्या. पाटी भरायला तासभर पुरायचा, पण घरी यायच्या त्या दिवे लागताना. मी विचारलं, त्याला काय म्हणायचात? “काय म्हणायचं? सड्यावर जाऊन आलो.”

मला वाटतं हाच तो शब्द. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. परत येणं त्या बोलण्यातच असतं. ट्रेकमध्ये आणि मजलेत जे नव्हतं ते ‘जाऊन येणे’ यात आहे. लेखनात नाम लागलंच तर ‘डोंगरफेरी’ चालेल, फेरीतही परतणं आहे. बोलताना मात्र मी बेन नेव्हिसवर जाऊन आले.

आजीला मी शेवटी विचारलंच, पाटी तासात भरायची तर उरलेला दिवस वर काय करायचात?

“काही नाही. बसायचो. तिथून समुद्र दिसतो ना.”