सोळे साते किती? पाढ्यात तुमचं कुठं अडायचं ते सांगा (अनुभव धागा)

मोंढ्यावरचा
परवा सोयाबीन घालायला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेलो होतो. सोळा कट्टे (पोती), सत्तर-सत्तर किलोची भरती. मुनीम मोबाईल काढून आकडे दाबायलाय तवर बाजूला बसलेला म्हातारा हमाल तंबाखू मळता मळता म्हणाला, "सोळे साते बारोदरसे. अकरा क्विंटल वीस किलो लिव्हा." मोबाईल पण तेच म्हणाला, जरा उशिरा.

मी तिथंच तिसरीत गेलो. दोन खोल्या, चार वर्ग, एक गुरुजी. एका वर्गाला पाढ्याला बसवायचं आणि दुसऱ्याला शिकवायचं, असा कारभार. सोळाचा पाढा 'सोळा सक शहाण्णव'पर्यंत सुसाट जायचा आणि साताला आला की माझी गाडी रुतायची. कारण बारोदरसे म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. घोळक्यात म्हणताना तोंड हलवून भागायचं. एक दिवस गुरुजींनी एकट्याला उभं केलं. "सोळे साते?" मी छातीठोक सांगितलं, "बारदान!" म्हणजे रिकामं पोतं.

वर्ग हसला, गुरुजी पण हसले. हसून झाल्यावर निरगुडीची फोक पडलीच.

तर तुमचं कुठं अडायचं? लिहा.

काळी_माती
बारदान 😂😂 मेलो
भाव काय लागला ते सांग आधी

मोंढ्यावरचा
हमीभावाच्या खालीच. ओलावा दाखवून अजून कापलं. तो धागा वेगळा काढू, इथं नको, बीपी वाढतो.

सेलूची_सून
आमच्याकडं फोक नव्हती, नाक होतं. दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या. ह्या रांगेनं विचारायचं, त्या रांगेनं सांगायचं. ज्याला आलं नाही त्याचं नाक डाव्या हातानं धरायचं आणि उजव्या हातानं गालावर एक द्यायची. हळू मारली तर बाई म्हणायच्या "अशी नाही, अशी", आणि करून दाखवायच्या. म्हणून कुणी हळू मारत नव्हतं.

मी चौथीत एका पोराला 'तेरा साते'वर एवढी ठेवून दिली होती की त्याची पाटी पडून फुटली. दगडी पाटी, घरी गेल्यावर त्याला आणखी मार. आज तो गावात सरपंच आहे. माहेरी गेले आणि समोर आला की पहिल्यांदा नाकाला हात लावतो. एक्क्याण्णव, भाऊ. एक्क्याण्णव.

पाटीपुसणी
नाक धरून!!! विसरलेच होते हे. शेंबडं पोरगं वाट्याला आलं की काय हाल व्हायचे

सेलूची_सून
ते नको काढू, जेवायला बसलेय

औट_हात
वय वर्षे ७९. नातवानं बोलून टाईप करायचं शिकवलं आहे, चुका पोटात घाला.

तुम्ही लोक तीसपर्यंतचे पाढे म्हणजे फार झालं समजता. आम्हाला त्याच्यापुढं अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, अशी औटकी चालते. ही काही हौस नव्हती. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर. दीड आणा वाराचं कापड सात वार घेतलं तर दुकानात कागद कोण काढणार? दिडकी म्हणायची, साडेदहा आणे टाकायचे आणि निघायचं. धान्याचं माप आणखी निराळं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली.

१९५७ साली नवे पैसे आले, मग मापं पण किलोची झाली, आणि हे सगळं एका झटक्यात रद्दी. माझ्या डोक्यातून मात्र जाईना. अजून अर्धा डझन केळी घेतली तरी मनात निमकी चालू होते.

सोळाचा पाढा आम्हाला सगळ्यात आधी पक्का करावा लागे, आण्यांमुळं. बारदान म्हणणारा पोरगा आमच्या वर्गात टिकला नसता.

मोंढ्यावरचा
आबा, हमाल पण तुमच्याच वयाचा वाटला 🙏

औट_हात
बारोदरसे म्हणजे बारा उत्तर शे. शंभरावर बारा. चारोदरसे, बारोदरसे, सगळे तसेच फोडायचे. तुमच्या गुरुजींनी फोक हातात घेण्याआधी एवढं एक वाक्य सांगायला पाहिजे होतं.

तात्या_उदगीरकर
माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. शाळा उर्दूत. ते पाढे "दो दूनी चार, दो तिया छे" असे म्हणायचे. पोलीस ॲक्शन झाली, सप्टेंबर १९४८, आणि मग हळूहळू सगळं मराठीत आलं. वडलांना मराठीतून पाढे. पण वडलांचा अभ्यास घ्यायला बसायचे आजोबाच. वडील म्हणायचे "सात आठे छप्पन्न", आजोबा आधी उर्दूत पुटपुटून बघायचे, जुळलं की मान हलवायचे. एकाच ओसरीवर दोन भाषेत परवचा. आजी आतून ओरडायची, एकात काय ते म्हणा, दिव्यातलं तेल संपू लालंय.

सहज आठवलं. बाकी येळवस (वेळा अमावस्या) जवळ आली, कोण कोण गावाकडं जाऊ लालंय? आंबील आणि भज्जी खायला या सगळे आमच्या शेतात.

काळी_माती
भज्जी म्हटलं की पाढे गेले उडत. लोकेशन टाका तात्या

गोदाकाठची
आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती दिवेलागणीला तांदूळ निवडत बसायची आणि आम्ही तिघं भावंडं शुभंकरोती झालं की पाढे म्हणायचो. चुकलं की सुपातनं मान वर न करता म्हणायची, "चाल मोडली. मागून घे." तिला आकडा माहीत नव्हता, चाल माहीत होती. माझ्या भावानं एकदा तिला फसवायला एकोणतीसचा पाढा चुकीचाच, पण त्याच चालीत म्हटला. आजी खूश. पुढच्या दिवशी शाळेत तोच चुकीचा पाढा त्याच्या तोंडात बसलेला 😄 आज बँकेत आहे तो. एकोणतीस आले की अजून तीसमधून एक-एक कमी करत बसतो.

बालाघाट_७८
वाचतोय सगळं. आमचं वेगळं होतं जरा.

आईबाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की टोळी निघायची, ट्रकात भांडी, कोंबड्या आणि आम्ही. पाढे साताआठापर्यंत आले की शाळा सुटायची. परत यायचो तवर वर्ग विसाच्या पुढं गेलेला, परीक्षा तोंडावर. तीन वर्षं मी नवाच्या अलीकडंच राहिलो.

पण कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या आमच्या झोपडीवर, एक काम माझ्याकडं होतं. आई वाढ्याच्या पेंढ्या बांधायची, ऊस तोडल्यावर वरचं हिरवं शेंड्याचं राहतं ते. गावातले दूधवाले जनावरांसाठी न्यायला यायचे. दोन रुपयाला पेंढी. गिऱ्हाईक म्हणायचं तेवीस दे, लगेच पैसे सांगायचे. उशीर झाला की तो म्हणणार, चाळीस घे आणि गप बस. बे चा पाढा लोक दहापर्यंत म्हणतात, मी पन्नासपर्यंत म्हणायचो. मग पेंढी अडीचला झाली, तेव्हा लई दिवस घोळ झाला. अडीचकी नावाचा पाढा असतो हे आज आबांमुळं कळलं.

औट_हात
पोरा, अडीच, पाच, साडेसात, दहा. एवढीच चाल आहे. जोडीनं गेलं की पाच-पाच वाढतात.

बालाघाट_७८
व्हय आबा. तसंच करायचो. जोडी लावायचो पेंढ्यांची.

पाटीपुसणी
मी दुसरीला शिकवते म्हणून लिहिते. २०१९ ला पुस्तकात एकवीस, बावीसच्या जागी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तेव्हा ह्या बदलाची बाजू मांडली होती. मी पण आधी चिडलेच होते. पण वर्गात बघा. 'सात नवे त्रेसष्ट' पोरगं खणखणीत म्हणतं आणि पाटीवर ३६ लिहितं. कारण कानाला आधी तीन येतात. 'साठ तीन' म्हटलं की एकदम बरोबर. पाढे मात्र मी जुन्याच शब्दांत घेते. 'सात नवे साठ तीन' म्हणून बघा मोठ्यानं, गोदाकाठच्या आजी म्हणतील तसं, चाल मोडते.

काळी_माती
नवाचा पाढा पाठ कोण करतंय. वरून खाली ० ते ९ लिहायचं, मग बाजूला खालून वर ० ते ९. झाला. सात वर्षं ह्यावर काढली मी 😎

पाटीपुसणी
माझ्या वर्गातली पण हेच करतात. म्हणून मी नव बारे विचारते.

काळी_माती
एक सौ आठ ॲम्ब्युलन्स. लक्षात आहे मॅडम

मातीचा_मी
किल्लारीजवळचा आहे. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, तेव्हा तिसरीत. नंतर कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडात शाळा. जमीन जरा थरथरली की गुरुजी मोठ्यानं सुरू करायचे, "बारा एके बारा", आणि आम्ही सगळे ओरडून म्हणायचो. बाराचाच का ते माहीत नाही. वर्गात त्या वर्षी पोरं कमी होती. बाराचा पाढा मला अजून हळू म्हणता येत नाही.

गोदाकाठची
🙏

सेलूची_सून
काय बोलावं. सांभाळा दादा.

तात्या_उदगीरकर
आमच्याकडं पण त्या रात्री भिंतीवरची भांडी पडली होती. गणपती बोळवून नुकतंच डोळा लागला होता सगळ्यांचा. येळवसला तुम्ही नक्की या. खरंच सांगतो.

मातीचा_मी
येतो तात्या.

नुसतंच_वाचतोय
मोंढ्यावरचे भाऊ, एक विचारायचं राहिलं. बारदानाचं वजन किती कापलं हो?

मोंढ्यावरचा
कट्ट्यामागं एक किलो. सोळा एके सोळा. त्याला मात्र मुनीमानं मोबाईल काढला नाही.