काळी मोहरी आली की पोरं आधीच का खचतात?

दादरकर आजोबा:
रविवारी नातवाला घेऊन पार्ल्याला बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेलो होतो. फेरीचा कागद लागला, ‘ब्लॅक’ वाचलं आणि पोराचा चेहराच पडला. सात फेऱ्यांत चार वेळा काळी आली, हा अन्याय झाला, हेच लोकल दादरला लागेपर्यंत ऐकत होतो. अहो, सात फेऱ्या म्हटल्यावर एक रंग जास्त येणारच! या वयात रंगाने काही ठरत नाही. डाव जातो तो फुकट दिलेल्या घोड्यापायी.

माटुंग्याचा हत्ती:
आजोबा, नाही पटलं. मोठ्या स्पर्धांमध्ये पांढऱ्याच्या पदरात १०० पैकी ५४-५५ गुण पडतात. आर्मागेडॉनमध्ये, म्हणजे निकाल लावायच्या शेवटच्या डावात, काळ्याला वेळ कमी देतात, पण बरोबरी झाली तरी जिंकला तोच. पांढऱ्याला मिळणाऱ्या पहिल्या चालीला किंमत नसती तर ही सवलत कशाला दिली असती? मुलांना खरं ते सांगा. काळी असेल तर आधी बरोबरी साधायची, मग पुढचं.

दादरकर आजोबा:
आकडा मान्य. ‘आधी बरोबरी’ मान्य नाही. १९७२ साली रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत फिशर ०-२ ने मागे होता. तिसऱ्या डावात काळी मोहरी. त्याने घोडा थेट काठावर, एच-५ला नेला, राजासमोरची प्यादी मोडू दिली आणि जिंकला. त्याआधी तेव्हाच्या जगज्जेत्या स्पास्कीला त्याने एकदाही हरवलं नव्हतं. बरोबरीच्या मनाने बसलेला माणूस ती चाल खेळेल का?

गिरगावची शिकवणी:
मी लहान मुलांना शिकवते म्हणून लिहिते. हत्ती, तुमचं एक बरोबर आहे: पांढऱ्याने एक चाल वाया घालवली तर डाव फार तर समसमान होतो, काळ्याने घालवली तर गळ्याशी येतं. पण काळ्याला निवड असते, हे तुम्ही सोडलंत. पांढऱ्याने राजाचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं की सिसिलियन, फ्रेंच की कारो-कान, यातली कोणती सुरुवात हे काळा ठरवतो. पांढऱ्याला तिन्हींची तयारी लागते. आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक बातुमीला जिंकला, तो अंतिम फेरीतला निर्णायक जलद डाव काळ्यानेच होता.

माटुंग्याचा हत्ती:
दिव्याचं उदाहरण दहा वर्षांच्या पोराला कसं लावता? सिसिलियन दिलंत तर पंधराव्या चालीला राजा उघडा पडेल. कारो-कान द्या, वर्षभर तेच.

दादरकर आजोबा:
वर्षभर नुसता बचाव? माझ्या नातवाला तरी मी सिसिलियनच शिकवणार.