व्हिएतनाम-कंबोडियाला जाताना डॉलर न्यावेत की तिथले चलन?

गोदातीर (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांना नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे दहा दिवसांसाठी व्हिएतनाम आणि कंबोडियाला निघत आहोत. मुंबईहून हनोई, तिथून हो ची मिन्ह सिटी आणि शेवटी अंगकोरची देवळे पाहण्यासाठी सिएम रीप, असा बेत आहे. विमान, हॉटेल आणि हालाँगच्या नौकाविहाराचे पैसे भरून झाले आहेत. खाणेपिणे, टॅक्सी, तिकिटे आणि खरेदी एवढाच खर्च उरला असून त्यासाठी तिघांचे मिळून साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत.

अडचण अशी की, ज्याला विचारावे तो वेगळे सांगतो. कॉलेज रोडवरील परकीय चलनाच्या एका दुकानात ‘दोन दिवस द्या, डोंग (व्हिएतनामचे चलन) मागवून देतो’ असे सांगितले गेले. सहलीची आखणी करून देणारे गृहस्थ म्हणतात की, डॉलर कुठेही चालतात, उगाच बदलाबदली करू नका. दिरांच्या मते कार्ड असताना रोख रक्कम बाळगणे हाच मूर्खपणा आहे. सासूबाईंचा तर आग्रह आहे की, आपल्या पाचशेच्या नोटाच घ्याव्यात, कोणीतरी बदलून देईलच. ज्यांनी प्रत्यक्ष असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानवारा (गंगापूर रोड)

ताई, गेल्या वर्षी आम्ही व्हिएतनामला जाऊन आलो, म्हणून फक्त त्या देशापुरते लिहिते. ‘डॉलर कुठेही चालतात’ हे वाक्य तिथे निम्मेच खरे आहे. तिथल्या कायद्यानुसार देशातील व्यवहार डोंगमध्येच व्हावे लागतात, परकीय चलनात किमती लावण्यास आणि पैसे स्वीकारण्यास मनाई आहे. तरीही काही हॉटेलवाले आणि वाटाडे डॉलर घेतात, पण भाव त्यांच्या सोयीचा लावतात. डॉलरला सव्वीस हजार डोंग मिळत असतील तर ते पंचवीस हजारच धरणार, म्हणजे शंभर डॉलरमागे जवळजवळ चार डॉलर हिशेब न विचारताच गेले.

आम्ही येथून डॉलर नेले, विमानतळावर फक्त पन्नास बदलले आणि उरलेले हनोईतील बँकेत बदलून घेतले. जुन्या भागातील सराफांकडे भाव थोडा अधिक मिळतो असे अनेक जण सांगतात. आपल्या सराफ बाजारासारख्याच त्या गल्ल्या, त्यामुळे विश्वासही चटकन बसतो. मात्र ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांच्याकडे नोटा बदलणे हा तिथे गुन्हा आहे. २०१८ साली कँ थो शहरात एका स्थानिक माणसाला सराफी दुकानात शंभर डॉलर बदलल्याबद्दल नऊ कोटी डोंगांचा दंड झाला होता. पुढे तो माफ झाला, परंतु परक्या गावात आपण ती परीक्षा कशाला द्यावी?

आता खरी काळजी घेण्याची गोष्ट सांगते. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांची नोटही निळसरच. दोन्ही प्लास्टिकच्या आणि दोन्हींवर हो ची मिन्ह यांचेच चित्र. होआन किएम तळ्याकाठी संध्याकाळी मी अननसाच्या फोडी घेतल्या आणि वीस हजारांऐवजी पाच लाखांची नोट देऊन चालू लागले. त्या विक्रेत्या बाईंनी माझे मनगट धरून मला थांबवले, टोपलीच्या काठावर दोन्ही नोटा शेजारी मांडल्या आणि एकेका शून्यावर बोट ठेवून दाखवले. मला ओशाळल्यासारखे झाले. सकाळी टॅक्सीवाल्याला मी कोणती निळी नोट दिली होती, याची शंका मात्र अजून फिटलेली नाही. तेव्हापासून एक लाख आणि त्यावरील नोटा मी पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवू लागले.

नोटकरी (जेल रोड, नाशिकरोड)

मी नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे मूल्यापेक्षा नोटेची प्रकृती आधी पाहतो, हे मान्य करूनच लिहितो. कंबोडियात ही सवय कामाला येते.

कंबोडियाची स्थिती व्हिएतनामच्या अगदी उलट आहे. ख्मेर रूज राजवटीने १९७५ साली तेथे पैसा हा प्रकारच रद्द केला होता. रिएल हे चलन १९८० मध्ये परत आले खरे, पण लोकांचा त्यावर विश्वास बसायच्या आत १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिमोहीम आली. तिच्या हजारो माणसांनी डॉलरमध्ये खर्च केला आणि डॉलर तेथे रुजला तो आजतागायत. पर्यटकांच्या भागात किमती डॉलरमध्येच लिहिलेल्या असतात आणि एटीएममधूनही डॉलर निघतात. अंगकोरचा एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा आणि तीन दिवसांचा ६२ डॉलरचा आहे, तर विमानतळावर मिळणाऱ्या पर्यटक व्हिसाचे शुल्क ३० डॉलर आहे. तेव्हा त्या देशासाठी मुद्दाम रिएल जमवण्याची काहीही गरज नाही. एका डॉलरला साधारण चार हजार रिएल हा हिशेब मनात असला म्हणजे झाले, कारण डॉलरखालची मोड रिएलमध्येच हातात पडते. ते रिएल शेवटच्या दिवशी चहापाण्यात संपवावेत, सीमेपलीकडे त्यांना कोणी विचारत नाही.

आता नोटांविषयी. आमच्या सौभाग्यवतींनी निघताना डॉलरच्या नोटा एकत्र राहाव्यात म्हणून त्यांना टाचणी लावली होती. आपल्याकडे नोटांच्या गड्ड्यांना पिना मारण्याची जुनी खोड, त्यामुळे मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. सिएम रीपमधील उपाहारगृहात गल्ल्यावरच्या मुलीने वीसची नोट उजेडासमोर धरली, दोन बारीक भोकांतून आलेला उजेड पाहिला आणि अत्यंत नम्रपणे ती परत केली. दुसरी नोट दिली, तिलाही तीच भोके. ज्या माणसाने हयातभर निर्दोष नोटा छापल्या, त्याची नोट भोकासाठी परत यावी, यावर सौभाग्यवती अद्याप हसतात. शेवटी बिल कार्डाने चुकते केले.

अमेरिकी सरकारच्या दृष्टीने त्यांची कोणतीही जुनी नोट आजही ग्राह्य आहे, पण सिएम रीपच्या दुकानदाराला त्याचे काय? फाटका कोपरा, शाईचा ठिपका, शिक्का किंवा घडीवर पडलेली चीर दिसली की तो नोट घेत नाही, कारण पुढे त्याच्याकडूनही ती कोणी घेत नाही. म्हणून येथील दुकानातून नोटा घेताना एकेक नोट तपासावी आणि शंभरची नोट २०१३ पासून चलनात आलेल्या, निळी पट्टी असलेल्या प्रकारचीच मागावी. व्हिएतनामसाठी शंभरच्या नोटा घ्याव्यात, कारण अनेक ठिकाणी लहान नोटांना भाव कमी मिळतो. कंबोडियासाठी मात्र पाच, दहा आणि वीसच्या नोटा घ्याव्यात, कारण तेथे त्या थेट खर्चायच्या असतात.

पिंपळगावकर (पिंपळगाव बसवंत)

आमचा व्यवसाय द्राक्षनिर्यातीचा असल्याने चलनबदलात पैसे कुठे गळतात ते पाहण्याची सवय आहे. नियम एकच ठेवावा: चलन किती वेळा बदलते हे मोजायचे आणि प्रत्येक बदलात किती कात्री लागते ते पाहायचे.

समजा, डॉलरचा मूळ भाव ९० रुपये आहे आणि दुकानदार तो ९१.५० रुपयांना देतो. म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास गेले. हनोईत त्याचे डोंग करताना आणखी एखादा टक्का गेला असे धरू. साठ हजारांवर एकूण सोळाशे-सतराशे रुपये झाले. याउलट नाशिकमध्ये डोंगाला रोजचे गिऱ्हाईक नाही. दुकानदाराला ते मुंबईहून मागवावे लागणार, न खपल्यास त्याच्याच अंगावर पडणार आणि ती सगळी जोखीम तो भावात धरणार. त्याने आठ टक्के धरले तर तुमचे अठ्ठेचाळीसशे गेले. म्हणून येथे दोनदा बदलणे स्वस्त पडते. दुबईला निघाला असतात तर मी नेमके उलट सांगितले असते. दिरहॅमचा दर १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे आणि आपल्याकडे दिरहॅमची ये-जा भरपूर आहे, तेव्हा थेट दिरहॅमच घ्यावेत. युरोपला जातानाही थेट युरोच घ्यावेत.

दुकानात ‘आजचा दर काय’ असे विचारू नका. ‘साठ हजार रुपये दिले तर सर्व शुल्कांसह हातात किती डॉलर पडतील’ असे विचारा आणि तोच प्रश्न तीन ठिकाणी विचारा. साठ हजारांच्या खरेदीवर वस्तू व सेवा कर १०८ रुपये इतकाच लागतो, त्यामुळे कराच्या नावाखाली कोणी मोठा आकडा सांगत असेल तर उठून यावे.

कार्डाबाबत तुमचे दीर अगदीच चूक नाहीत, पण एक सापळा आहे. रॉटरडॅमच्या एका हॉटेलात २४० युरोचे बिल देताना यंत्राच्या पडद्यावर ‘रुपये की युरो’ असा प्रश्न आला. दिवसभर शीतगृहे पाहून थकलो होतो, रुपया दिसताच घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले आणि मी रुपयावर बोट ठेवले. त्या दिवशीच्या दराने साडेएकवीस हजार व्हायला हवे होते, प्रत्यक्षात गेले बावीस हजार नऊशे, आणि माझ्या बँकेने त्यावरही आपले शुल्क लावले. रुपयाचा पर्याय निवडला की दर ठरवण्याचा अधिकार तुमच्या बँकेकडून तिथल्या यंत्रवाल्याकडे जातो. तेव्हा दुकान असो वा एटीएम, नेहमी तिथले स्थानिक चलनच निवडावे. शिवाय अनेक कार्डांवर परदेशातील खर्चासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क असते, तेवढे बँकेला आधी विचारून घ्यावे.

गोदातीर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. टाचणीचा प्रसंग सासूबाईंना वाचून दाखवला, त्या नोटकरी काकांवर बेहद्द खूश आहेत. आता दोनच शंका उरल्या आहेत. डॉलर घेण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, आणि पाचशेच्या नोटा बरोबर नेण्याला कायद्याची काही आडकाठी आहे का?

हिशेबनीस (कॅनडा कॉर्नर)

पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि जिथे आधी घ्यावा लागतो तिथला व्हिसा, एवढे पुरते. आपण साठ हजारांचे चलन घेणार असल्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पन्नास हजारांहून अधिक रकमेचे परकीय चलन रोख रुपये देऊन घेता येत नाही, ते पैसे बँकेमार्फतच द्यावे लागतात. या दोन देशांसाठी नोटांच्या रूपात दर प्रवासाला प्रत्येकी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, तेव्हा आपण मर्यादेच्या फार अलीकडे आहात. पावती मात्र परतेपर्यंत जपून ठेवावी.

भारतीय रुपये माणशी २५,००० पर्यंत बाहेर नेता येतात, त्यामुळे सासूबाई कायद्याच्या आतच आहेत. परंतु हनोईत ते बदलून देणारा सापडला तरी भाव तोच ठरवणार. मुंबई विमानतळापर्यंतच्या आणि परतीच्या गाडीभाड्यापुरते रुपये पाकिटात असले की पुरे. अपवाद नेपाळ-भूतानचा. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० या दराने आणि भूतानचा गुलत्रुम एकास एक बांधलेला असल्याने तिथे रुपयाच न्यायचा असतो, आणि त्या देशांच्या प्रवासासाठी आपल्याकडे परकीय चलन दिलेही जात नाही.

उरलेले डॉलर परत आल्यावर १८० दिवसांच्या आत विकावेत असा नियम आहे, मात्र २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात.

नोटकरी

हिशेबनीसांच्या माहितीला एक शेपूट जोडतो. नेपाळच्या पहिल्या नोटा १९४५ साली आमच्या नाशिकच्याच प्रेसमध्ये छापल्या गेल्या होत्या. मुद्दा मात्र कार्डाचा आहे. पिंपळगावकरांनी कार्डाची बाजू सौम्यपणे मांडली, मी थोडा कठोर होतो. अंगकोरच्या आवारात शहाळे विकणाऱ्या बाईकडे आमच्या कार्डाचा काहीही उपयोग झाला नाही. तिघांत किमान दोन कार्डे, तीही वेगवेगळ्या बँकांची आणि वेगवेगळ्या खिशांत ठेवावीत, पण रोजचा खर्च रोखीने करावा.

गोदातीर

काल तीन ठिकाणी विचारून शेवटी सहाशे डॉलर घेतले आणि पैसे बँकेतून वळते केले. तीन नोटा शंभरच्या, त्या हनोईत बदलण्यासाठी. उरलेले तीनशे डॉलर हे पाच, दहा आणि वीसच्या नोटांत घेतले, कारण तिघांचा व्हिसा आणि अंगकोरचा एक दिवसाचा पास मिळूनच दोनशे एक डॉलर होतात. कॉलेज रोडवरच्या दुकानाला डोंग नकोत असे कळवले. एक दहाची नोट कोपऱ्यात चिरलेली निघाली, ती बदलून मागितली तेव्हा दुकानातील तरुण जरा नाराज झाला, पण त्याने बदलून दिली. नंतर सवयीने त्याने सगळ्या नोटा एकत्र करून मधोमध दुमडायला घेतल्या, तेव्हा माझ्याआधी सासूबाईंनीच काउंटरवर हात ठेवला आणि पिशवीतून माझ्या लग्नपत्रिकेचे जुने, जाड पाकीट काढून त्याच्यापुढे धरले.