मुलाचं नाव 'पळस' ठेवलं तर कुणाच्या पोटात का दुखावं?

रानवारा
काल एका होऊ घातलेल्या बाबांनी साधा प्रश्न विचारला होता, मुलासाठी 'पळस' नाव कसं वाटतं? त्यावर स्पष्टवक्ता यांचं उत्तर: "पोरगं आहे की रोपवाटिका? झाडांची हौस कुंडीत भागवा, मुलाला आयुष्यभर हसं सोसायला लावू नका." त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन ओळींत माझं समाधान होईना, म्हणून हा वेगळा धागा.

तुमच्या वर्गात अशोक होता ना? शिरीष, पराग, समीर, सागर, मयूर? सहा ऋतूंपैकी चार तर आपण मुलग्यांना वाटून टाकलेत: वसंत, शरद, हेमंत, शिशिर. शिशिर म्हणजे पानगळ आणि हुडहुडी, तरी त्याच्या आईबापांना कुणी विचारलं नाही की लेकराच्या नशिबी पानगळ कशाला. मग पळसानेच काय घोडं मारलंय? अंगावर पान नसताना, उन्हं तापायच्या आत केशरी होऊन उभा राहतो. लाखेच्या किड्यांना पोसतो, फुलांपासून रंग देतो. १७५७ ची लढाई ज्या प्लासीला झाली त्या गावाचं नावही पलाशावरूनच आलेलं. बंगालीत तर पलाश हे मुलाचं अगदी सर्रास नाव आहे. तिथे कुणी रोपवाटिका म्हणत नाही.

स्पष्टवक्ता
माझं वाक्य अर्धंच उचललंत, ठीक आहे. पुढे मी लिहिलं होतं की पलाश ठेवा, माझी हरकत नाही. पळस नको. "पळसाला पाने तीनच" हे त्या पोराने दहावीपर्यंत किती वेळा ऐकायचं? गणितात तीन मार्क पडले की मास्तरच म्हणणार. आणि नुसतं "पळ, पळस, पळ" हे तर पहिल्याच दिवशी सुरू होईल. मुलं निर्दय असतात. तुमची कविता होते, त्याची मधली सुट्टी जाते.

रानवारा
आता खरं बाहेर आलं! हरकत झाडाला नाही, मराठीला आहे. शिरीष चालतो, शिरस नाही. मंदार चालतो, रुई नाही. औदुंबर चालतो, उंबर नाही. झाडाने संस्कृतचा सदरा घातला की ते नाव, नाहीतर टवाळी.

जुईची आई
औदुंबर निघालाच आहे तर सांगते. माझ्या थोरल्या दिरांचं नाव तेच. त्यांना कुणी हसल्याचं मला तरी आठवत नाही, कारण दत्तगुरूंचं झाड. देव पाठीशी असला की झाडाला कुणी नावं ठेवत नाही. भावजी स्वतः मात्र सगळ्यांना 'अवधू' म्हणूनच ओळख करून देतात, तेव्हा काय समजायचं ते समजा.

आणि एक विचारू? आमच्याकडे जाई, जुई, शेवंती, चमेली, केतकी झाल्या, तेव्हा "मुलगी सोसेल का" असा धागा कुणी काढला होता? मुलगा म्हटलं की लगेच सगळ्यांना कळवळा.

आबा
मुलांची नावं देवाची ठेवावीत, सहज नामस्मरण होतं. शास्त्रात काही विचार आहे.

जुईची आई
आहे ना. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलंय की नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप यांची नावं असलेल्या मुलीशी लग्न करू नये. रोहिणी, गंगा, यमुना, तुळसा, मैना सगळ्या बाद. आबा, वहिनींचं नाव काय म्हणालात?

आबा
गोदावरी. विषय तो नाही.

अभ्र
मी स्वतः भुक्तभोगी, म्हणून बोलतो. माझं नाव खरंच अभ्र आहे. फोनवर सांगितलं की "अभय का?" नाही. "अब्रू?" नाही हो. "अभ्रक?" तेवढ्यात समोरच्याचा जीव जातो. वडिलांना आकाश सामान्य वाटलं होतं.

थट्टा फार झाली नाही, हे स्पष्टवक्ता यांना सांगून ठेवतो. त्रास वेगळाच होता. वर्गात तीन अमित होते. काच फुटली की "अमितने फोडली" आणि मग कुठल्या अमितने यावर तास संपायचा. मला ती सोयच नव्हती. जो गाढवपणा केला तो थेट माझ्या नावावर जमा. आजही इंटरनेटवर नाव शोधलं की पहिला मीच, कॉलेजच्या दिवाळी अंकातल्या भिकार कवितांसकट.

स्पष्टवक्ता
धन्यवाद. हेच म्हणत होतो.

अभ्र
नाही, हे म्हणत नव्हतात. मी नाव बदललेलं नाही आणि बदलणारही नाही.

दर्यावर्दी
जग बघा जरा. तुर्की लोक मुलाला चनार म्हणतात, म्हणजे चिनाराचं झाड. देनिझ म्हणजे समुद्र. हिब्रूत ओरेन म्हणजे पाइन, अलोन म्हणजे ओक. स्वीडनमधला ब्यर्न म्हणजे चक्क अस्वल.

स्पष्टवक्ता
छान. मग अस्वल ठेवा.

बोरूबहाद्दर
खरी अडचण कुणी बोलतच नाही. ती म्हणजे ळ. रोमन लिपीत 'पळस' लिहिलं की हिंदीभाषक पलस वाचणार, इंग्रज पॅलस. प्रमाण हिंदीत ळ नाही, इंग्रजीत नाही. मुलगा घराबाहेर पडला की त्याचं नावच हरवणार. म्हणून पलाश. प्रश्न मिटला.

ळकारी
मिटला कसा? ळ अडचण? ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे' अशी आहे. गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, ओडिया सगळ्यांकडे हा उच्चार आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी आपण आपली जीभ कापायची? मग टिळक, काळे, माळी यांनीही आडनावं बदलून घ्यावीत!

बोरूबहाद्दर
आडनाव निवडून मिळत नाही, नाव निवडता येतं. एवढं साधं आहे. प्रत्येक ठिकाणी अस्मितेचा झेंडा नाचवायची गरज नसते.

ळकारी
झेंडा? तुमच्यासारख्यांमुळेच पोरं 'शाला' आणि 'फला' म्हणायला लागलीत. बोरू टाका आणि कीबोर्ड घ्या, युनिकोडमध्ये ळ सुखाने नांदतोय. रोमनमध्येही सोय आहे, आयएसओ १५९१९ या लिप्यंतराच्या मानकाप्रमाणे एलच्या खाली टिंब द्यायचं.

बोरूबहाद्दर
संस्कृतच्या प्रचलित रोमन लेखनात तेच टिंब ऌ या स्वरासाठी वापरतात. आधी वाचा, मग शिकवा.

ळकारी
ऌ वरून मुलाचं नाव कोण ठेवतंय? उगाच विद्वत्ता पाजळू नका.

बाळकृष्ण
भांडू नका रे. मी बत्तिशीपासून कवळीपर्यंत बाळकृष्ण आहे, हिंदीभाषक सहकाऱ्यांसाठी बालकृष्ण, दोन साहेबांसाठी नुसता 'बाल'. मेलो नाही. पगारही वेळेवर झाला.

जुईची आई
आता ळ वरच चालणार का? त्या बाबांनी मुलाचं नाव विचारलं होतं. आणि त्यात आईला कुणी विचारलंय का, हे मला अजून दिसलेलं नाही.

रानवारा
वहिनी, बरोबर. त्यांच्या पोस्टमध्ये "बायकोला 'अरण्य' आवडलंय" असं शेवटी होतं, त्याकडे कुणी पाहिलंच नाही. मीही पळसाच्या भरात सोडून दिलं.

स्पष्टवक्ता
अरण्य पळसापेक्षा बरं. दोन माणसांना आवडलं तर तेही ठेवा, आमचं काय जातंय. पळसच ठेवायचं असेल तर निदान रोमन स्पेलिंग आधी नवराबायकोने ठरवा, आणि जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच अक्षर न अक्षर पुढे प्रत्येक कागदावर. एका जागी एक एल आणि दुसऱ्या जागी दोन झाले, की प्रतिज्ञापत्रं करत फिरायला तुमचे रानवारा येणार नाहीत.

ळकारी
दोन एल कशाला? एल आणि खाली टिंब.

बोरूबहाद्दर
अर्जाच्या चौकटीत टिंब टाकून दाखवा, मग बोलू.