अनुभव धागा : नव्वदाव्या मिनिटाला तुम्ही कुठे होतात?

निळी छत्री

२४ एप्रिल २०२४, बुधवार. कुर्ल्याहून ठाण्याच्या लोकलमध्ये मी दोन बायकांच्या मध्ये उभी. एका हातात कडी, दुसऱ्यात मोबाइल. गोव्यात फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगच्या (फुटबॉल) सेमीफायनलचा पहिला लेग, म्हणजे दोनपैकी पहिली मॅच, चालू होता आणि एफसी गोवा आपल्या मुंबई सिटीच्या २-० पुढे होती. पहिला बोरिस सिंगने मारला, मध्यंतरानंतर दुसरा ब्रँडन फर्नांडिसने. नव्वद मिनिटं संपत आली आणि बॅटरी सहा टक्क्यांवर आली. म्हटलं, मरू दे. हरणारच आहोत, निदान रिक्षा मिळाली नाही तर घरी फोन करण्यापुरती चार्जिंग राहील. मोबाइल पर्समध्ये टाकला.

घरी दार धाकट्या भावाने उघडलं. "तीन-दोन," म्हणाला. मी चपला काढत म्हटलं, "चला, दोन तरी मारले आपण." तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, तीन आपले आहेत."

९० व्या मिनिटाला छांगते, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप, आणि ९०+६ ला पुन्हा छांगते. गाडीच्या हिशोबात सांगायचं तर नाहूर ते ठाणे. हायलाइट्स मी इतक्यांदा बघितल्यात की कॉमेंट्री पाठ आहे. पण ते बघितलेलं नाही, नंतर दाखवलेलं आहे, आणि ही रुखरुख काही जात नाही. घरच्यांना सांगून उपयोग नाही. आई म्हणते, जिंकलात ना, मग?

म्हणून हा धागा. २०२३-२४ च्या मोसमातले आपापले चढउतार लिहा. निकाल सगळ्यांना माहीत आहेत, तेव्हा तुम्ही कुठे होतात आणि तुमचं काय झालं ते लिहा. गोवेकर, मोहन बागानवाले, सगळ्यांना आमंत्रण. भांडण नको. थोडं चालेल.

पेठेतला

मी कोल्हापूरचा, नोकरीला पुण्यात. आमच्यात फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पाहुण्याला चहा विचारायच्या आधी तो कुणाकडचा ते विचारत्यात. त्यामुळं मुंबईच्या क्लबचं मला कधी काय वाटलं नव्हतं. पण एएफसी चॅम्पियन्स लीगची मॅच बालेवाडीत, माझ्या रूमपासून दहा मिनिटांवर, म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल?

पंचाईत अशी की मॅच १८ सप्टेंबरला आणि १९ ला गणपती. आईचे सकाळपासून फोन. "मूर्ती कोण आणणार? तुझ्या बाबांची कंबर धरलीया." म्हटलं, रात्रीच्या गाडीनं निघतो, उजाडायच्या आत हजर.

समोर इराणची नस्साजी माझंदरान. २-० ने हरलो. स्वारगेटला गणपतीची गर्दी, साताऱ्यापर्यंत उभ्यानं. अंगात तीच निळी जर्सी, कारण बदलायला वेळच नव्हता. सकाळी तसाच कुंभाराकडं गेलो. तो म्हणाला, "हे कुठलं मंडळ रे?" म्हटलं, मुंबई. "काय झालं?" म्हटलं, हरलो. "मग घालून कशाला फिरतोयस?"

मूर्ती पोटाशी धरून आणली. मुकुटाची सोनेरी चमकी जर्सीवर लागली ती अजून निघालेली नाही, आणि आता मी ती काढत पण नाही. तेव्हापासनं मी मुंबईचा. पेठेत मात्र अजून सांगितलेलं नाही.

मधली फळी

आमच्या घरातला उतार २४ ऑगस्टलाच सुरू झाला, फक्त तेव्हा तो चढ वाटला. त्या दिवशी एएफसी चॅम्पियन्स लीगचा ड्रॉ निघाला. मुंबईच्या गटात रियाधची अल हिलाल, आणि अल हिलालने त्याच महिन्यात नेमारला घेतलेलं. माझा मुलगा अकरा वर्षांचा. नेमार नव्या मुंबईत येणार, आपल्या नेरूळपासून दोन पावलांवर! त्याने कार्डबोर्डवर पाटी रंगवून ठेवली : "नेमार, शर्ट दे."

१८ ऑक्टोबरला पहाटे उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. मुलगा शाळेला निघाला होता, बूट घालता घालता त्याने बातमी वाचली. रडला नाही. एकच बूट घालून बराच वेळ पायरीवर बसून राहिला. पाच दिवसांनी रियाधमध्ये आपण ६-० ने हरलो. त्यानंतर मला वाटलं, आता हा काही येत नाही.

६ नोव्हेंबरला संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर तो तयार. पाटी उलटी करून मागच्या बाजूला नवीन लिहिलेलं : "फुर्बा, ग्लोव्हज दे." फुर्बा म्हणजे आपला गोलकीपर. डी. वाय. पाटीलला मध्यंतरापर्यंत ०-० होतं, आणि त्या पाऊण तासात माझ्या मुलाने नेमारचं नावसुद्धा घेतलं नाही. शेवटी २-० ने हरलो. ग्लोव्हज मिळाले नाहीत. पाटी कपाटावर आहे. पाहुण्यांना कुठली बाजू दिसावी हे तो रोज ठरवतो.

नवखी

नवऱ्याने मला पहिल्यांदा अंधेरीला मॅचला नेलं तो दिवस २० डिसेंबर. समोर मोहन बागान. मला फुटबॉलमधलं इतकंच माहीत की हात लावायचा नाही. आझाद नगर मेट्रोपासून चालताना त्याने मला ऑफसाइड समजावून सांगितला, तो मला आजही कळलेला नाही.

पहिल्या पंधरा मिनिटांतच आपला आकाश मिश्रा रेड कार्ड खाऊन बाहेर. मी विचारलं, आता याच्या जागी कोण येणार? नवरा म्हणाला, कोणी नाही. मला हा नियम फारच क्रूर वाटला. मग एकेक जाऊ लागले. ग्रेग स्टुअर्टने बरोबरीचा गोल मारला आणि नंतर तोही बाहेर. मी बोटं मोडत होते, एक हात संपला, दुसरा सुरू झाला. एकूण सात! चार आपले, तीन त्यांचे. बिपिन सिंगच्या गोलने २-१ जिंकलो आणि आजूबाजूचे लोक वेडे झाले होते.

परतताना मी विचारलं, दर वेळी असंच असतं का? हा म्हणाला, हो, साधारण.

पुढच्या मॅचला मी स्वतः तिकिटं काढली. एकही रेड कार्ड नाही. मी इतकी वैतागले की शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, पंचाला सांगू का?" जानेवारीत स्टुअर्ट क्लब सोडून गेला तेव्हा मात्र नवऱ्यापेक्षा मीच जास्त हळहळले.

मडगावकार

बोलावलंत म्हणून आलो. छत्रीबाई, तुमची बॅटरी संपली हे बरं झालं असं मी म्हणणार नाही, पण माझी तेव्हा संपली असती तर मी देवाला नारळ दिला असता.

आधी थोडं मागचं. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, घरच्या मैदानावर फायनल. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने मारला आणि आम्ही चेन्नईयनच्या २-१ पुढे. मी अनोळखी माणसाला मिठी मारली. ती मिठी सुटेपर्यंत आमच्याच गोलकीपरकडून चेंडू आत गेला, आणि दोन मिनिटांनी मेंडोझाने तिसरा मारला. त्या माणसाच्या खांद्यावर माझा हात तसाच राहिला होता. दोघांनाही काढायचं सुचेना.

२०१९ ला तुमच्या अंधेरीत बंगळूरूविरुद्ध फायनल. जादा वेळ, ११७ वं मिनिट, कॉर्नर, आणि राहुल भेकेचं डोकं. ०-१. म्हणजे मुंबईच्या पोराने मुंबईतच आमचा घास काढला.

आता २४ एप्रिलचं. २-० झाल्यावर माझा चुलतभाव आंतोन नाचायला लागला. (हे त्याचं नाव नाही, त्याने नाव घालू नको म्हणून सांगितलंय.) मी म्हटलं, "गप बस रे. अजून शिट्टी जावंक ना." तो म्हणाला, तू जन्माचा रडका. ८९ व्या मिनिटाला तो माझ्या अंगावर रेलून सेल्फी काढत होता. त्या सेल्फीत मागे स्कोअरबोर्ड दिसतो, २-०. नंतरच्या सात मिनिटांबद्दल मी लिहीत नाही. तुम्ही पाठ केलंय ना सगळं, तुम्हीच म्हणा. एवढंच सांगतो की तिसऱ्या गोलनंतर स्टेडियममध्ये इतकं शांत झालं की तुमच्या खेळाडूंच्या आरोळ्या आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होत्या. आणि त्यांत कर्णधार कोण? भेके.

बाहेर गाड्यावर रोस ऑम्लेट घेतलं. गाडेवाल्याने विचारलं नाही काय झालं ते. त्याने फक्त माझ्या प्लेटीत एक पाव जास्त ठेवला.

आंतोनने सेल्फी अजून डिलीट केलेला नाही. मी हजारदा सांगितलं.

निळी छत्री

मडगावकार, तुमचं वाचून सेकंड लेगबद्दल काही लिहायची इच्छाच गेली. २९ तारखेला मी अंधेरीला होते, २-० जिंकलो, फोन फुल चार्ज होता. बस.

लाल की निळा

धागा मुंबई सिटीचा आहे, कळतंय. पण मला दुसरीकडे कोणी विचारत नाही.

मी शाळेपासून मँचेस्टर युनायटेडचा. आकाशी निळा रंग घरात आणायचा नाही ही शपथ. २०१९ ला मँचेस्टर सिटीवाल्यांच्याच ग्रुपने मुंबईचा क्लब घेतला आणि माझी पंचाईत झाली. मुंबईला सोडणार कसं? म्हणून मुंबईची जर्सी घेतली, पण ती चादरींच्या कप्प्यात असते. लाल जर्सीशेजारी ठेवत नाही.

त्या एप्रिलमध्ये युनायटेड चेल्सीकडे ९९ व्या मिनिटापर्यंत ३-२ ने पुढे होती आणि ४-३ ने हरली. इथे पहाटेचे तीन वाजत आले होते. उशीत तोंड घालून ओरडलो. लीगमध्ये आठवे आलो. मग ४ मेला मुंबईने कप जिंकला, नाचलो. तीन आठवड्यांनी एफए कपच्या फायनलला युनायटेडने सिटीला २-१ हरवलं, परत नाचलो. एका निळ्यासाठी आणि दुसऱ्या निळ्याच्या नावाने. खालच्या काकूंना वाटतं मला नाचायला कारणच लागत नाही.

बदलीवरचा माणूस

तेव्हा बदली कोलकात्याला होती. शेजारी बसू दादा, कट्टर मोहन बागान. (बसू हे मी दिलेलं नाव.) सकाळी पेपर त्यांच्याकडे आधी, मग माझ्याकडे. मी मुंबई सिटीचा हे कळल्यावर पेपर उशिरा येऊ लागला.

१५ एप्रिल, सॉल्ट लेक, लीगची शेवटची मॅच. लीगमध्ये पहिला येणाऱ्याला शील्ड मिळतं, कप वेगळा. आम्हाला शील्डसाठी बरोबरी पुरेशी होती. दादांनीच माझं तिकीट काढलं, म्हणजे त्यांच्याच लोकांमध्ये. मी जर्सीवर पांढरा शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावून. ६० हजारांच्या वर माणसं आणि एप्रिलमधला कोलकात्याचा घाम. लिस्टन कोलासोने पहिला मारला, दुसरा कमिंग्जने. ८९ व्या मिनिटाला छांगतेने एक फेडला तेव्हा मी तोंड दाबून खोकल्याचं नाटक केलं. दादांनी पाठ थोपटली. बरोबरी काही झाली नाही. ते ४८ गुण, आम्ही ४७. शील्ड गेलं.

रात्री दादा स्टीलच्या डब्यात चिंगरी मलाई करी घेऊन आले. बागान जिंकलं की कोळंबी, असा तिथला रिवाज. बायको म्हणाली, खाऊ नका. मी खाल्ली. अप्रतिम होती, आणि त्याचाच जास्त राग आला. डबा धुऊन ओट्यावर ठेवला. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, आणि भरून द्यायला माझं मन होईना. एकोणीस दिवस तो डबा तिथेच. पोळ्या लाटताना बायको तो रोज एकदा इकडून तिकडे सरकवायची.

४ मे. तेच मैदान, तेच दोन संघ, आता कपची फायनल. दादांनी या वेळी तिकिटाचं विचारलंही नाही, मीच काढलं. तोच पांढरा शर्ट. मध्यंतराच्या तोंडावर कमिंग्जने मारला आणि मला कोळंबीचा वास यायला लागला, खरंच सांगतो. मग मध्यंतरानंतर पेरेरा डियाझने बरोबरी केली. मी पहिलं बटण काढलं. ८१ व्या मिनिटाला बिपिन. २०२१ च्या फायनलला शेवटच्या मिनिटाला याच बागानविरुद्ध मारला होता तोच बिपिन. दुसरं, तिसरं बटण. ९७ व्या मिनिटाला वोइतुसने तिसरा टाकला तेव्हा आजूबाजूच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या आणि माझा शर्ट हातात होता. तिकडे भेकेने कप उचलला. पुढच्या रांगेतले एक आजोबा मागे वळून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम तो खाँस रहा था ना उस दिन?"

दुसऱ्या दिवशी बायकोने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. मी डबा भरून दादांच्या दारात. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, परत लावलं. म्हणाले, "आज नहीं खाएगा हम." आणि दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी पेपर वेळेवर आला. पेपरावर डबा होता. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. बायको म्हणाली, यांच्यात रिकामा देतात वाटतं. मी म्हटलं, फायनल हरल्यावर देत असतील.