दुखण्यावर गांजाचं औषध: खान्देशानं सरकारकडे काय मागावं?

तापीकाठचा (चोपडा)
माझ्या आईचा कॅन्सर हाडांत पसरला होता. शेवटचे तीन महिने ती घरीच होती. रात्री दोनच्या सुमारास उठून बसायची आणि म्हणायची, "भाऊ, आते माले सहन व्हत नही." मेडिकलवरच्या गोळीनं तासदोन तास बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. गल्लीतल्या एका बाबांनी सांगितलं, थोडा गांजा दुधात उकळून दे. मी दिला नाही. पोलिसांची भीती होती आणि तिला काही झालं तर, ही भीतीही होती. पाच वर्षं झाली. बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता येत नाही.

तेव्हापासून मी या विषयावर वाचतोय. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाला वाट ठेवलेली आहे. भांगेच्या झाडाच्या लागवडीला परवानगी द्यायचा अधिकार राज्यांना आहे. उत्तराखंडानं २०१८ मध्ये कमी नशेच्या जातीला परवानगी दिली, जम्मूत केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेची (सीएसआयआर) संस्था यावर संशोधन करतेय. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि त्या २७ मध्ये भारत होता. मग महाराष्ट्र गप्प का? औषधी गांजाला मुभा द्या, लागवडीचे परवाने द्या आणि चाचण्या आपल्या जळगाव-धुळ्यात घ्या. माझं मत स्पष्ट आहे.

भूलतज्ज्ञ, धुळे
दादा, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही गांजा दिला नाहीत ते योग्यच केलंत, चुकल्याची शंका मनातून काढून टाका. पोटातून घेतलेला गांजा चढायला तास-दोन तास लागतात. आराम पडत नाही म्हणून घरचे आणखी देतात आणि मग दोन्ही डोस एकदम चढतात. अशक्त म्हातारं माणूस त्यानं भ्रमात जातं, उठताना पडतं. हाडात कॅन्सर असताना पडणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.

आता औषधाचं. गांजातले घटक काही आजारांत खरंच उपयोगी पडतात. लहान मुलांच्या दोन दुर्मिळ, हट्टी फिट्सच्या आजारांवर सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. केमोनंतरच्या उलट्यांवर, मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणावर औषधं आहेत. पण कॅन्सरच्या दुखण्यावर टीएचसी (नशा आणणारा घटक) आणि सीबीडीचा तोंडात मारायचा फवारा मोठ्या चाचण्यांत तपासला गेला, तेव्हा तो औषध नसलेल्या नुसत्या फवाऱ्यापेक्षा ठामपणे सरस ठरला नाही. वेदनेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही २०२१ मध्ये दुखण्यासाठी याची शिफारस केली नाही.

तुमच्या आईला मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जड वेदनाशामकाची, गोळी मिळायला हवी होती. ती स्वस्त आहे. पूर्वी तिच्यासाठी चार-पाच खात्यांचे परवाने लागायचे. अमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरते. कायदा मोकळा झाला, तरी आपल्या तालुक्यांत गोळी पोचली नाही. माझा राग त्यावर आहे.

तापीकाठचा
मॉर्फिनचं नाव मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. एका दवाखान्यात विचारलं, "याहून जड काही आहे का?" उत्तर आलं, "आम्ही ठेवत नाही." कुठे मिळेल, तेही सांगितलं नाही.

पण डॉक्टर, अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१७ च्या अहवालात मोठ्यांच्या जुनाट दुखण्यावर याचा भक्कम पुरावा असल्याचं लिहिलंय. तुम्ही तो का सोडलात?

भूलतज्ज्ञ, धुळे
सोडला नाही. त्यातल्या बऱ्याच चाचण्या नसांच्या दुखण्यावरच्या होत्या. आराम मिळाला, पण थोडा. चाचण्या आपल्याकडे व्हाव्यात, याला माझी ना नाही. ज्याला आज रात्री झोप नाही, त्यानं मात्र पाच-सात वर्षांच्या संशोधनाची वाट बघायची का?

सातपुड्याच्या पायथ्याचा (शिरपूर)
लागवडीचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो. आमच्या भागात कपाशी-तुरीच्या आड गांजा सापडतो, छापे पडतात, पेपरात फोटो येतात. फोटोत असतो वनपट्ट्यावरचा पावरा आदिवासी माणूस. माल विकत घेणारा मी फोटोत कधी पाहिला नाही. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. घरातला कमावता गेला की पोरं ऊसतोडीला जातात, शाळा तिथेच सुटते.

मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला शेतकरी सरकारी पट्ट्यावर, म्हणजे परवान्यावर, अफू पिकवतो, सरकारच विकत घेतं, त्यातूनच मॉर्फिन बनतं. अफूला जमतं ते गांजाला का जमू नये? फक्त परवाना कंपनीच्या नावावर नको, शेतकऱ्याच्या नावावर द्या. नाहीतर उद्या आमच्याच जमिनीवर आम्ही मजूर.

एक आई, यावल
मी विरोधात आहे. माझा मुलगा सतराव्या वर्षी गांजाच्या नादी लागला. "झाडपाला आहे माय, याचं काय होतं," हेच त्याचं वाक्य. एकोणिसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. आज तो गोळ्यांवर आहे, केळीच्या बागेत थोडं काम करतो, मध्येच थांबून वर बघत उभा राहतो. गांजानंच झालं की आधीपासून होतं, हे डॉक्टरांनाही ठाम सांगता येत नाही. कोवळ्या वयात धोका वाढतो, एवढं ते सांगतात.

थायलंडनं २०१८ मध्ये औषधासाठी दार उघडलं. २०२२ मध्ये पूर्ण मोकळं केलं, दुकानं गल्लोगल्ली झाली. २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची करावी लागली. तेवढ्या वर्षांत तिथल्या पोरांचं काय झालं असेल? औषधाच्या नावानं सुरू झालेलं औषधापुरतं राहतं, यावर माझा विश्वास नाही. आणि दादा, अफूच्या पट्ट्यातूनही माल बाहेर जातोच ना?

सातपुड्याच्या पायथ्याचा
ताई, जातो. नाही म्हणणार नाही. पण आज बंदी असूनही तुमच्या यावलपर्यंत आलाच की. दोष पट्ट्याला देऊ की बंदीला, मला कळत नाही.

तापीकाठचा
ताई, तुमचं वाचून मी दिवसभर काही लिहिलं नाही. सरसकट मुभेचा आग्रह मी मागे घेतो. चाचण्यांची मागणी मात्र सोडणार नाही. नसांच्या दुखण्याची, मणक्याची माणसं आपल्याकडे घराघरांत आहेत आणि त्यातल्या कित्येकांना आजची औषधं पुरत नाहीत. डॉक्टर, सरकारला द्यायच्या अर्जात पहिली ओळ मॉर्फिनची लिहितो: प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला मान्यता, साठा आणि ते द्यायचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर. मसुदा तपासून द्याल का?

भूलतज्ज्ञ, धुळे
देतो. गोळीबरोबर पोट साफ होण्याचं औषधही मागा. ते नसलं की बद्धकोष्ठतेनं हैराण होऊन लोक मॉर्फिनच बंद करतात.

एक आई, यावल
मॉर्फिनच्या अर्जावर माझी सही घ्या. चाचण्यांच्याही घ्या, मोठ्या माणसांवर आणि दवाखान्यात होणार असतील तर. लागवडीचा कागद वेगळा ठेवा. त्यावर मी सही करणार नाही.